पालकाच्या विनंतीवरून

२०२३ च्या नोव्हेंबरात, दिवाळीच्या तोंडावर, हायस्कूलच्या मुख्याध्यापकांचा फोन आला. "भाऊसाहेब, जरा येऊन जाता का? जुनी रजिस्टरं काढायचीत. अक्षर लागत नाही आम्हाला."

त्या दिवसांत सगळ्या राज्यात कुणबी नोंदींचा शोध चालला होता. तहसील कचेरी, भूमी अभिलेख, जन्म-मृत्यूचं दप्तर आणि शाळांची जनरल रजिस्टरं. १९६७ च्या आधीच्या नोंदी बघायच्या होत्या. आमचं हायस्कूल १९६३ सालचं. म्हणजे जेमतेम चार वर्षांचं काम. मी १९७८ ला तिथं क्लार्क म्हणून लागलो आणि २०१४ ला रिटायर झालो. छत्तीस वर्षं त्या कपाटाची किल्ली माझ्या करगोट्याला होती म्हटलं तरी चालेल. गावात मला नावानं फारसं कुणी हाक मारत नाही. शाळेचा क्लार्क म्हणजे भाऊसाहेब, आणि तो मेल्यावरही भाऊसाहेबच.

गेलो. कपाट उघडलं. वाळवीची पावडर टाकलेला तो वास आला आणि बरं वाटलं. पहिलं रजिस्टर लाल कापडी पाठीचं. पानं पिवळी पडलेली, पण शाई टिकलेली. मला बघायचा होता जातीचा रकाना. तो बघून तासाभरात काम झालं असतं. पण नजर सारखी दुसऱ्या दोन रकान्यांकडं जायला लागली. एक, 'मागील शाळा'. दुसरा, 'शाळा सोडण्याचे कारण'. दुपारी मुख्याध्यापक म्हणाले, "भाऊसाहेब, चहा घ्या. झालं का?" मी म्हटलं, "तुमचं झालंय. माझं राहिलंय." मग पुढचे चार दिवस मी रोज जात राहिलो आणि पहिल्या रजिस्टरापासून शेवटच्या रजिस्टरापर्यंत ते दोन रकाने वाचत बसलो. हा लेख त्या चार दिवसांचा.

आमचं गाव विट्याच्या पूर्वेला, आटपाडीच्या वाटेवर, माळावर. पाऊस कमी, दगड जास्त. इथल्या माणसानं पोट भरायचे दोन धंदे शोधले. एक मेंढरं घेऊन कृष्णाकाठाकडं उतरायचं, आणि दुसरा गलाईचा. सोन्याचांदीच्या दुकानांतला कचरा, राख, जुनं सोनं वितळवून शुद्ध करायचं काम. त्यासाठी आमच्या पट्ट्यातली माणसं मद्रासपासून दिल्ली-कलकत्त्यापर्यंत गेली. माणूस कोइमतुरात आणि बायको-पोरं, आईबाप गावात, असं निम्म्या गावाचं चाललेलं असायचं.

आमचं हायस्कूल झालं ते या गलाईवाल्यांच्या मनीऑर्डरीतून. आता हे जरा सांगायला पाहिजे, कारण शहरातल्या वाचकाला वाटतं की गावची शाळा म्हणजे सरकारी शाळा. तसं नाही. आपल्या राज्यात प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेच्या. १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि आधी स्कूल बोर्डाकडं असलेल्या मराठी शाळा त्यांच्याकडं गेल्या. पण हायस्कुलं बहुतेक खासगी संस्थांची. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ ला काल्याला रयत शिक्षण संस्था काढली, १९४० ला साताऱ्यात सयाजीरावांच्या नावानं मोफत आणि वसतिगृहासह हायस्कूल काढलं, आणि गांधीजी गेल्यावर त्यांच्या नावानं एकशे एक हायस्कुलं काढायचा संकल्प सोडला. कोल्हापूरकडून बापूजी साळुंखे १९५४ ला विवेकानंद संस्था घेऊन उभे राहिले. त्यांचं बघून तालुक्या-तालुक्यात संस्था निघाल्या. गावानं जागा द्यायची, दगड वाहायचे, ज्वारी गोळा करायची. संस्थेनं मास्तर आणायचे. सरकारनं मान्यता आणि अनुदान द्यायचं. अशी ती तिघांच्या खांद्यावरची कावड. आमच्या गावातही तेच झालं. मारुतीच्या देवळात आठवीचा वर्ग भरला, दरवर्षी एक वर्ग वाढत गेला, आणि १९६७ ला पहिली अकरावीची, म्हणजे मॅट्रिकची, बॅच बसली.

त्याच्या आधी सातवी झाली की संपलं. सातवीची परीक्षा सगळे 'फायनल' म्हणायचे, आणि खरोखरच बहुतेकांची ती फायनल असायची. ज्याच्या घरी बरं असेल तो विट्याला खोली करून राहायचा नाहीतर साताऱ्याला बोर्डिंगात जायचा.

पहिल्या रजिस्टरात मुलीची नावं शोधायला बोट फिरवावं लागतं. पहिल्या तीन वर्षांत चारच. एक गुरुजींची, एक पोस्टमास्तरांची, दोन वाण्याच्या घरातल्या. मागील शाळा सगळ्यांची एकच, 'जीवन शिक्षण विद्यामंदिर', आमच्या गावची नाहीतर शेजारच्या वाडीची. बापाच्या धंद्याच्या रकान्यात शेती, शेती, गलाई, शेती, मजुरी, सुतारकाम, मेंढपाळ. पाटलाचा मुलगा आणि त्याच्याच शेतात राबणाऱ्याचा मुलगा एका पानावर, खाली-वर. हे कसं घडलं? यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना ईबीसीची सवलत आली. वर्षाचं उत्पन्न बाराशे रुपयांच्या आत असेल त्याला फी माफ. आमच्या माळावर बाराशेच्या वर उत्पन्न दाखवणारा माणूस शोधून सापडला नसता. रजिस्टरात लाल शाईनं 'ई.बी.सी.' असं नावापुढं लिहिलेलं आहे. काही पानांवर लाल शाईच जास्त दिसते.

मी स्वतः १९६९ ला आठवीत आलो. माझं नाव दुसऱ्या रजिस्टरात आहे, लाल शाईसकट. पण म्हणून त्या दिवसांना सोन्याचं म्हणणार नाही. वर्गात बाक एक होता, पण पाण्याच्या माठापाशी काही पोरांना शिपाई वरून ओंजळीत पाणी ओतायचा आणि काहींना पेला मिळायचा. कुणाला काय, ते त्या जातीच्या रकान्यावर ठरायचं. आम्ही ते बघत होतो आणि कुणी काही बोलत नव्हतो. तरीही एक गोष्ट खरी. गावातलं जे पोरगं शिकत होतं ते तिथंच शिकत होतं. सरपंचाला शाळेचं छप्पर गळतंय हे सांगायला लागायचं नाही. त्याच्या पोराच्या वहीवरच ते गळायचं.

मग १९७२ चं पान येतं. सोडण्याच्या कारणात ओळीनं 'सतत गैरहजर', 'सतत गैरहजर'. गैरहजर कुठं होते ते मला माहीत आहे, कारण मीही सुट्टीच्या दिवशी तिथंच होतो. दुष्काळी कामावर, खडी फोडत. सुकडी मिळायची. आमच्या अकरावीच्या वर्गातली निम्मी पोरं त्या वर्षी गेली. काही गलाईला, काही मुंबईला माथाडीत, मुली लग्नाला. मी १९७३ च्या मार्चात मॅट्रिक झालो तेव्हा हाताला घट्टे होते. १९७५ ला जुनी अकरावी आणि नवी दहावी एकाच वेळी बसली आणि त्यानंतर दहावी हीच मॅट्रिक झाली. एक वर्ष कमी झाल्यामुळं पुष्कळ पोरं कडेला लागली. आमच्याकडं एका वर्षाचाही हिशेब असायचा. बाप म्हणायचा, 'एवढी दहावी होऊ द्या, मग चला.'

तिसरं रजिस्टर माझ्या अक्षरातलं. ऐंशीचं दशक. हे रजिस्टर उघडलं की मला मोठं सुख होतं, कारण यात गर्दी आहे. ऐंशीच्या मध्याला सरकारनं मुलींना दहावीपर्यंत फी माफ केली, मग बारावीपर्यंत. फी एवढी मोठी नव्हतीच. पण 'सरकार फुकट शिकवतंय' हे वाक्य घराघरांतल्या बायकांच्या हाताला लागलं आणि त्यांनी ते सासऱ्यापुढं वापरलं. वाड्यावस्त्यांवरच्या मुली चालत यायच्या. तीन-तीन मैल, पाच-सहा जणींचा घोळका करून. पुढं एस.टी.चा मोफत पास आला तेव्हा तर गाडी मुलींनीच भरून यायची. एका तुकडीच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन. खाली पाचवी ते सातवीचे वर्गही हायस्कूलनं काढले. नवे मास्तर आले, दुसरा क्लार्क आला. जूनमध्ये प्रवेशाला रांग लागायची आणि मुख्याध्यापक म्हणायचे, "भाऊसाहेब, आता बाकं कुठनं आणू?" पटावरची संख्या सांगताना छाती फुगायची. पट म्हणजे काय, हे तेव्हा कळत नव्हतं. पट कमी झाल्यावर कळलं.

पट म्हणजे मास्तराची नोकरी. किती मुलं, त्यावर किती तुकड्या. किती तुकड्या, त्यावर किती शिक्षक, किती क्लार्क, किती शिपाई. दरवर्षी संचमान्यता होते आणि सरकार सांगतं, तुमच्याकडं एवढी पदं मंजूर. मुलं घटली की मास्तर अतिरिक्त ठरतो आणि त्याला दुसरीकडं पाठवतात, जागा असली तर. म्हणून त्या आकड्यावर इतकं प्रेम.

आता चौथं रजिस्टर. १९९० च्या पुढचं. यात 'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्यात एक नवीन वाक्य सुरू होतं. 'पालकाच्या विनंतीवरून'. आधीही ते कुठं कुठं होतं. बदलीवाल्या तलाठ्याच्या, नाहीतर पोलीसपाटलाच्या जावयाच्या पोरासाठी. पण आता ते पानात दोनदा, मग चारदा यायला लागलं. दहावी न होता, नापास न होता, शेतीला न जुंपता मुलगा शाळा सोडतो, आणि कारण काय, तर पालकाची विनंती. कुठं चालला ते लिहायला रकाना नाही. पण मला तोंडपाठ आहे.

पहिले गेले गलाईवाल्यांचे. आधी ते पोरं गावात ठेवायचे, सुट्टीत घेऊन जायचे. आता त्यांची तिकडं स्वतःची दुकानं झाली, घरं झाली. पोरं तिकडच्या इंग्रजी शाळेत गेली. ज्यांच्या आजोबाच्या मनीऑर्डरीनं हायस्कूलचा पाया घातला, त्यांचे नातू तमिळ बोलायला लागले. त्यांना मी दोष देत नाही. आईबापाजवळ पोरं राहिली हे चांगलंच झालं.

दुसरे गेले हुशार. नवोदय विद्यालयं १९८६ नंतर सुरू झाली, आमच्या जिल्ह्याचं पलूसला. सहावीला परीक्षा देऊन जायचं, राहणं-खाणं सरकारचं, आणि पाऊणाहून जास्त जागा खेड्यातल्या मुलांना. साताऱ्याला सैनिक शाळा तर १९६१ पासूनच होती, पण तिथं जायचं धाडस आमच्याकडं आता कुठं व्हायला लागलं. गावातनं एखादं-दुसरंच पोरगं जायचं. गावाला अभिमान वाटायचा, पेढे वाटले जायचे. पण वर्गात मात्र ज्याच्याकडं बघून बाकीची पोरं अभ्यास करायची तेच पोरगं नाहीसं व्हायचं. मास्तर म्हणायचे, "भाऊसाहेब, विरजणच काढून नेलं."

तिसरे गेले ते आमच्यासारख्यांचे. म्हणजे पगारवाल्यांचे. मास्तर, ग्रामसेवक, कंडक्टर, बँकेचा शिपाई, डेअरीचा सेक्रेटरी. आणि मग डाळिंबाचा पैसा आला तेव्हा बागायतदारांचे.

चौथ्या रजिस्टरात एक पान आहे, १९९७ च्या जूनचं. नाव माझ्या मुलाचं. सातवी पास. कारणाच्या रकान्यात 'पालकाच्या विनंतीवरून'. लिहिणाऱ्याचं अक्षर माझं. दाखल्यासाठी अर्ज करणारा पालक मीच. दाखला तयार करणारा क्लार्क मीच. मुख्याध्यापकांपुढं सहीला ठेवला तेव्हा त्यांनी चष्मा वर केला, नाव वाचलं, सही केली आणि शिक्का मारायला डबी माझ्याकडं सरकवली. एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. त्यांचा स्वतःचा मुलगा आमच्याच शाळेतनं दहावी झाला होता.

मी मुलाला तालुक्याच्या गावी सेमी इंग्रजीच्या शाळेत घातला. गणित आणि विज्ञान इंग्रजीतनं, बाकी मराठीतनं. पुढं कॉलेजात गेल्यावर शास्त्राच्या तासाला आमची पोरं खाली मान घालून बसतात, हे मी बघितलं होतं. ती भीती खोटी नव्हती. खोली केली, माझी आई त्याच्यासोबत राहिली. महिन्याला पगाराचा तिसरा हिस्सा तिकडं जायचा.

आणि त्याच जूनमध्ये, त्याच रजिस्टरात, दोन पानं पुढं, पाचवीच्या प्रवेशात माझ्या मुलीचं नाव आहे. ती सहा वर्षं तिथंच शिकली. तिला तालुक्याला पाठवायचं आमच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. एका खोलीचं भाडं परवडत होतं, दोघांचं नव्हतं, असं मी स्वतःला सांगायचो. पण खोली एकच लागली असती. आजी तिथं होतीच. आठवीत असताना एकदा जेवताना ती म्हणाली, "दादाला विट्याला आणि मला हितंच का?" तिची आई म्हणाली, "तुला काय कमी पडतंय हितं? आबा हायेत की शाळेत." मी ताटात बघून जेवत राहिलो.

हे माझ्या एकट्याच्या घरातलं असतं तर लिहिलं नसतं. पण रजिस्टर सांगतं. त्या सालानंतर मुलांच्या नावापुढं 'पालकाच्या विनंतीवरून' जास्त येतं आणि मुलींच्या नावापुढं 'दहावी उत्तीर्ण' जास्त येतं. दहावीच्या वर्गात मुली मुलांपेक्षा जास्त झाल्या. पाहुणे यायचे, भाषणात म्हणायचे, मुलींनी केवढी प्रगती केली. केली होतीच. पण वर्गात मुली जास्त होत्या त्याचं एक कारण असंही होतं की मुलगे पैसे भरून दुसरीकडं नेले होते.

२००० साली पहिलीपासून इंग्रजी विषय आला. दुसऱ्या वर्षी सरकारनं ठरवलं की यापुढं नवीन शाळांना मान्यता मिळेल, पण 'कायम विनाअनुदान' तत्त्वावर. म्हणजे शाळा काढा, पण सरकार पगार देणार नाही. संस्थांच्या जमान्यात ज्या कावडीला तीन खांदे होते त्यातला एक सरकारनं काढून घेतला. त्याचं पुढं दोन तऱ्हेनं झालं. मराठी माध्यमाच्या ज्या विनाअनुदानित शाळा निघाल्या, तिथं डी.एड., बी.एड. झालेली पोरं वर्षानुवर्षं बिनपगारी शिकवत राहिली, आज ना उद्या अनुदान येईल म्हणून. २००९ ला 'कायम' हा शब्द गेला तरी त्यांचं आझाद मैदान काही सुटलं नाही. आणि दुसऱ्या तऱ्हेनं इंग्रजी माध्यमाच्या शाळा निघाल्या. त्यांना अनुदान नकोच होतं, पालक द्यायला तयार होता. आमच्या बाजाराच्या गावात पत्र्याच्या शेडमध्ये एक निघाली. वर्षाच्या आत तिची पिवळी गाडी आमच्या चौकात यायला लागली.

त्या गाडीनं गाव बदललं. सकाळी आठला चौकात टाय लावलेली पोरं उभी राहायची. दहाला पांढरा शर्ट, खाकी पँटवाली आमच्या शाळेला जायची. एकाच गल्लीतली चुलत भावंडं, पण एकाची सुट्टी शनिवारी, दुसऱ्याची रविवारीच. खेळायचं एकत्र राहिलं नाही. चुलत भावाला मोठा भाऊ 'आमची मिस' सांगायला लागला आणि धाकट्याला आपल्या बाईंची लाज वाटायला लागली.

२०११ च्या ऑक्टोबरात पटपडताळणी झाली. तीन दिवस, सगळ्या राज्यात एकदम. कागदावर पोरं जास्त आणि वर्गात कमी, अशा तक्रारी फार झाल्या होत्या. दुसऱ्या खात्यांची माणसं वर्गात येऊन डोकी मोजत होती, पोरांच्या बोटाला मतदानासारखी शाई लावत होती. संध्याकाळी एक पाचवीतली पोरगी ऑफिसच्या दारात आली आणि बोट दाखवून म्हणाली, "भाऊसाहेब, आमी कुणाला मत दिलं?" सगळे हसले. मी मात्र रात्री झोपलो नाही. आमचं रजिस्टर खरं होतं. पण खरं रजिस्टरसुद्धा आता पातळ झालं होतं, आणि ते सगळ्यांना मोजून दाखवलं गेलं होतं.

त्यानंतर मे महिन्याची सुट्टी गेली. उन्हातान्हात आम्ही मास्तर आणि क्लार्क मिळून वाड्यांवर पोरं शोधत फिरायला लागलो. वह्या देतो, गणवेश देतो, रिक्षाचं भाडं आम्ही वर्गणी काढून भरतो. शिक्षण हक्काच्या कायद्यानं प्राथमिक आठवीपर्यंत केल्यावर जिल्हा परिषदेच्या शाळांनाही पाचवी आणि आठवीचे वर्ग जोडायला लागले, म्हणजे त्यांचे गुरुजी पोरं सोडायला तयार नाहीत. त्यांनाही पद वाचवायचं होतं. एका पोरासाठी दोन शाळांचे मास्तर एकाच ओट्यावर बसलेले मी पाहिलेत.

अशाच एका वस्तीवर एका बाईच्या दारात गेलो. म्हटलं, "ताई, पोराला आमच्याकडं पाठवा. सेमीची तुकडी काढलीय आता. शिक्षक चांगले आहेत." ती चुलीपुढनं उठली, पदरानं हात पुसले आणि शांतपणे म्हणाली, "भाऊसाहेब, तुमचा पोरगा कुठं शिकला?"

बरोबरचे मास्तर दुसरीकडं बघायला लागले. त्यांचीही पोरं कुठं होती ते तिला माहीत होतं. मी म्हटलं, "विट्याला." ती म्हणाली, "मग मी काय वायलं करत्येय?" तिनं पाणी दिलं, गूळ दिला. अपमान केला नाही. त्या बाईनं गळ्यातलं मोडून फी भरली, असं पुढं कळलं. तीन वर्षांनी पैसे थकले तेव्हा त्या शाळेनं दाखला अडवून ठेवला. पोरगा आमच्याकडं नववीत आला तो वाचायला मराठी नीट येईना आणि इंग्रजीही येईना असा. आमच्या एका बाईंनी त्याला दहावीपर्यंत आणला.

२०१४ ला मी रिटायर झालो. माझ्या आधी दुसऱ्या क्लार्कची जागा गेली होती. अलीकडं शिपाई रिटायर झाला तर पद भरत नाहीत, ठरावीक भत्ता देतात. पोरांची आधार कार्डं जुळली तरच पोरगं संचमान्यतेला धरलं जातं. मेंढरं घेऊन गेलेल्या घरातलं पोरगं वर्गात बसलेलं असतं, पण आधारावर जन्मतारीख चुकलेली असते, म्हणून ते मोजणीत नसतं.

कोविडच्या सालात मात्र पाचव्या रजिस्टरात एक गंमत दिसते. 'मागील शाळा' या रकान्यात इंग्रजी शाळांची नावं. फी भरता येईना, गलाईची दुकानं बंद, माणसं गावात परतलेली. २०२१ ला सरकारनं सांगितलं, दाखला नसला तरी प्रवेश द्या. त्या दोन वर्षांत पट थोडा वर आला. मुख्याध्यापकांनी फळ्यावर आकडा लिहिला होता म्हणे. दुकानं उघडली तशी बरीचशी परत गेली. कारण, पालकाच्या विनंतीवरून.

आता कुणी म्हणेल, पोरंच कमी जन्मतात, त्याला तुम्ही काय करणार? खरं आहे. माझ्या आजोबाला सात, बापाला पाच, मला दोन, माझ्या मुलाला एक. पट घटायचं ते मोठं कारण आहेच. पण रजिस्टरांत मला नुसती घट दिसली नाही. पहिल्या रजिस्टरात गाव एका पानावर होतं. पाचव्यात जे आहेत त्यांच्या बापाचा धंदा बघा. मजुरी, मेंढपाळ, वीटभट्टी, मजुरी, बाप हयात नाही. ज्याला जाता आलं तो गेला, ज्याला जाता आलं नाही तो राहिला. शाळेचं छप्पर आजही गळतं. फक्त ते आता सरपंचाच्या पोराच्या वहीवर गळत नाही.

चौथ्या दिवशी संध्याकाळी रजिस्टरं कपाटात लावली. जातीच्या रकान्याचा अहवाल मुख्याध्यापकांनी केव्हाच पाठवला होता. घरी आलो तर मुलीचा फोन. ती डी.एड. करून जिल्हा परिषदेच्या शाळेत लागली, सासरच्या तालुक्यात. दोन शिक्षकी शाळा आहे. आमच्या गळक्या हायस्कुलातनं दहावीला पहिली आली होती ती. विट्याच्या सेमी शाळेतनं मुलगा शिकला, पुण्याला कंपनीत आहे. दोघांचं बरं चाललंय.

ती म्हणाली, "आबा, पोरीची चौथी व्हईल आता. जूनला पाचवी. हे म्हणतात तालुक्याला इंग्रजीला घालू, गाडी येती दारात. माझ्या शाळेत चौथीपर्यंतच. हायस्कूल हाय गावात, पर पट कमीच हाय. काय करू?"

मी म्हटलं, "थांब जरा." चष्मा काढला, पुसला. छत्तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या पोरांचे दाखले काढले. या प्रश्नाचं उत्तर मी एकदा दिलं होतं, एकाच जूनमध्ये दोन तऱ्हेनं.

"आज तुझं पान बघून आलो," मी म्हटलं.

"काय लिवलंय?"

"दहावी उत्तीर्ण. वर्तणूक उत्तम."

ती हसली. मग म्हणाली, "आन् दादाचं?"

मी सांगितलं. पलीकडं बराच वेळ आवाज नव्हता. पोरीनं मागनं काहीतरी मागितलं, तिनं तिला "थांब गं" म्हटलं. मग म्हणाली, "आबा, रविवारी या हिकडं. हायस्कूलला जाऊन बघून येऊ, तुमी आन् मी. वर्ग कसे हायेत, मास्तर कसे हायेत. मग ठरवू."

रविवारी सुट्टी असते, हे तिलाही माहीत आणि मलाही. सोमवारी जायचं ठरलं.